लिहिलेला उच्चार आणि शब्दाचे नित्यत्व

ध्वनिलेखन म्हणजे बोललेला उच्चार ठरवून घेतलेल्या खुणांत असा उतरवणे, की ज्याने तो कधी ऐकलेला नाही त्यालाही तो पुन्हा करता यावा. रोजच्या लिपीकडून एवढी अपेक्षा नसते. लिपी भाषा आधीपासून येणाऱ्यासाठी असते, आणि त्याला जे ठाऊकच आहे ते ती सांगत बसत नाही. सिंधुदुर्गाच्या देवगड तालुक्यात समुद्राकाठी असलेल्या मिठबाव या गावाचे नावच पाहावे. नाव चार अक्षरांचे आहे. देवनागरीच्या नियमाने चारही अक्षरांत एकेक स्वर हवा. बोलताना मात्र ठ मधला अ गळतो, शेवटच्या व मधलाही गळतो आणि नाव दोन उच्चारखंडांत आटोपते. या गळण्याची कागदावर कोणतीही खूण नाही. मराठी माणसाला ती लागतही नाही. रोमन अक्षरांतल्या पाटीवर हेच नाव आले की ठ आणि थ यांतला भेद पुसला जातो, आणि परगावच्या माणसाला दोन्हींपैकी काय म्हणावे ते कळायला मार्ग राहत नाही. ‘मिठबाव’ आणि ‘मिठबांव’ अशी दोन्ही लेखने आढळतात. दुसऱ्यातले टिंब नाकातून काढलेला आ दाखवते, की जुन्या शुद्धलेखनाची नुसती आठवण आहे, हे ते टिंब स्वतः सांगत नाही.

आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत हे नाव लिहिताना ठ साठी रोमन टी या अक्षराच्या पायाला उजवीकडे वळणारा आकडा काढतात आणि पुढे वरच्या बाजूला बारीक एच ठेवतात. आ च्या पुढे दीर्घत्वाची दोन त्रिकोणी टिंबे येतात. तो आ नाकातून निघत असेल तर त्याच्या डोक्यावर नागमोडी रेघ येते, नसेल तर येत नाही. लिहिणाऱ्याला ऐकून ठरवावेच लागते. जिथे स्वर नाही तिथे काहीच लिहिले जात नाही.

इथवर हा कौशल्याचा भाग झाला. प्रश्न याच्या खाली आहे. मिठबावचे नाव एखादे लहान मूल उच्चारते, एखादी म्हातारी उच्चारते, वाऱ्याविरुद्ध ओरडून सांगणारा होडीवरचा माणूस उच्चारतो. हवेत उठलेले हे तीन ध्वनी तीन प्रकारचे आहेत. त्यांची उंची वेगळी, लांबी वेगळी, जोर वेगळा. तरीही तिघे एकच नाव बोलले असे म्हटले जाते आणि लिहिताना तीनदा तीच खूण काढली जाते. ही ‘तीच’ कशाच्या आधारावर? उच्चारातले काय टिकणारे मानायचे आणि काय त्या क्षणापुरते, याचा निर्णय झाल्याशिवाय ध्वनिलेखनातली एकही खूण कागदावर उमटू शकत नाही. भारतात या प्रश्नाचा ऊहापोह दोन हजार वर्षांहून अधिक काळ झाला आहे, आणि तो धर्माचा प्रश्न म्हणून झाला आहे. कारण वेदाचे प्रामाण्य त्यावर टांगलेले होते.

मीमांसकांचे मत असे, की वर्ण नित्य आहेत. ग हा वर्ण कोणी निर्माण करत नाही. बोलणाऱ्याच्या तोंडातला वायू तो फक्त प्रकट करतो, आणि वायू ओसरला की वर्ण नाहीसा न होता अप्रकट होतो. जैमिनीच्या सूत्रांवर भाष्य करताना शबराने लोकव्यवहारातला दाखला दिला आहे: एखाद्याने गाय या अर्थाचा संस्कृत शब्द आठदा उच्चारला तर लोक ‘तो शब्द आठ वेळा उच्चारला’ असे म्हणतात, ‘आठ शब्द उच्चारले’ असे म्हणत नाहीत. हा युक्तिवाद साधा दिसतो, पण ध्वनिलेखनाचा पायाच त्यात आहे. आठ उच्चारांसाठी एक खूण वापरणारा प्रत्येक लेखक, स्वतःला कळो न कळो, शबराच्या बाजूने उभा असतो.

नैयायिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते शब्द हा आकाशाचा गुण आहे. तो उत्पन्न होतो, पुढच्या शब्दाला जन्म देऊन नाश पावतो, आणि पाण्यावर लाटेमागून लाट उठावी तसा कानापर्यंत पोहोचतो. कानाला लागतो तो मूळ शब्द नसून त्याच्या वंशातला शेवटचा शब्द असतो. मग दोन उच्चार एकच का वाटतात? तर त्यांची जात एक आहे म्हणून. ध्वनिमुद्रण करणाऱ्या यंत्राला नैयायिकांचे म्हणणे मानवेल. यंत्राला दोन उच्चार कधीच एक दिसत नाहीत.

तिसरा पक्ष वैयाकरणांचा आहे, आणि ध्वनिलेखनाच्या दृष्टीने तो सर्वांत उपयोगाचा आहे. पतंजलीने महाभाष्यात नगाऱ्याचे उदाहरण घेतले आहे. नगाऱ्यावर टोला मारला की एखाद्या टोल्याचा नाद वीस पावलांपर्यंत जातो, एखाद्याचा तीस, एखाद्याचा चाळीस. स्फोट, म्हणजे शब्दाचे टिकणारे रूप, तेवढाच असतो; वाढतो तो ध्वनी. पाचव्या शतकाच्या सुमारास भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त हा विचार पुढे नेला आणि ध्वनीचे दोन भाग पाडले. प्राकृत ध्वनी तो, ज्याच्यामुळे वर्ण ऱ्हस्व की दीर्घ हे ठरते. वैकृत ध्वनी तो, ज्याच्यामुळे बोलणे द्रुत, मध्यम किंवा विलंबित होते. घाईने उच्चारलेला आ काळाच्या मापाने संथपणे उच्चारलेल्या अ एवढा आखूड भरू शकतो, तरी तो आ च राहतो. म्हणजे प्राकृत ध्वनी लिहिलाच पाहिजे, वैकृत ध्वनी लिहिण्याची गरज नाही. कुमारिल भट्टाने स्फोटाची कल्पना ‘श्लोकवार्तिका’त खोडून काढली आणि वर्णांपलीकडे काही मानायचे नाही असे ठरवले. पण भर्तृहरीने घातलेली ही दुफळी त्या खंडनानंतरही कामाची राहिली. आजच्या ध्वनिशास्त्रात लेखनाच्या दोन पातळ्या मानतात. अर्थभेद करणारे वर्ण तेवढे दाखवायचे असतील तर ते दोन तिरप्या रेघांमध्ये लिहितात. प्रत्यक्ष उच्चाराचे बारकावे दाखवायचे असतील तर चौकोनी कंसात. भर्तृहरीचा निकष आणि ही रेघ-कंसाची रीत सर्वस्वी एक नाहीत. पण काय गाळले तरी चालेल, हा सवाल दोन्हीकडे तोच आहे.

वेदाच्या बाबतीत मात्र काहीही गाळून चालत नव्हते. म्हणून शिक्षा, म्हणजे उच्चाराचे शास्त्र, हे पहिले वेदांग ठरले. तैत्तिरीय उपनिषदाच्या आरंभी शिक्षेचे सहा विषय सांगितले आहेत: वर्ण, स्वर, मात्रा, बल, साम आणि संतान. उच्चारातली ध्वनीची जात, त्याची उंची, त्याचा काळ, त्याला लागणारा जोर, पठणातला समतोल आणि एका ध्वनीतून दुसऱ्यात जाण्याची रीत, असा त्यांचा ढोबळ अर्थ घेता येतो. आजच्या ध्वनिलेखनाच्या तक्त्यातही जवळपास हीच खाती सापडतात. प्रातिशाख्य या ग्रंथांनी वेदाच्या प्रत्येक शाखेपुरते हे नियम बारकाईने लिहून ठेवले. पाणिनीय शिक्षेत वर्णांची संख्या ६३ किंवा ६४ सांगितली आहे. आणि त्याच ग्रंथात वाईट पाठकांचे जे सहा प्रकार दिले आहेत त्यांत लिहिलेले पाहून म्हणणारा एक आहे. ज्या परंपरेने उच्चाराचे इतके सूक्ष्म शास्त्र रचले, तिनेच लेखनावर विसंबणाऱ्याला अधम ठरवले. यात विसंगती नाही. शास्त्र तोंड आणि कान यांच्यासाठी होते, डोळ्यांसाठी नव्हते.

तरीही पुढे खुणा आल्याच. ऋग्वेदाच्या छापील संहितेत अक्षराखाली आडवी रेघ असते ती अनुदात्ताची, आणि डोक्यावर उभी रेघ असते ती स्वरिताची. ज्याच्यावर सगळी मदार, तो उदात्त बिनखुणेचा राहतो; शेजाऱ्यांच्या खुणांवरून तो ओळखायचा. पाश्चात्त्य विद्वानांनी वेद रोमन लिपीत छापले तेव्हा नेमके उलट केले: खूण मुख्यतः उदात्तावर ठेवली आणि बाकी बहुतेक अक्षरे मोकळी सोडली. दोन्ही पद्धती बिनचूक आहेत. पण पहिली पद्धत पठणातला चढउतार डोळ्यांपुढे ठेवते आणि दुसरी व्याकरणातला मुख्य स्वर. वैदिकाला पहिली हवी, भाषाशास्त्रज्ञाला दुसरी. शतपथ ब्राह्मणात तर अक्षराखालची आडवी रेघ उदात्तासाठी आहे, म्हणजे ऋग्वेदात जी खूण खालच्या स्वराची तीच इथे वरच्या स्वराची. सामवेदात अक्षरांच्या डोक्यावर १, २, ३ असे आकडे बसतात. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत अक्षराच्या आधी वरच्या बाजूला येणारी छोटी उभी रेघ जोर दाखवते. ऋग्वेद वाचलेल्या माणसाला ती स्वरिताची वाटण्याचा संभव आहे. रेघेला स्वतःचा अर्थ नसतो. तो कोणत्या संप्रदायात ती काढली आहे यावर ठरतो, आणि संप्रदाय शिकवायला माणूस लागतो.

शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचे पाठक ष हा वर्ण बहुतेक ठिकाणी ख असा उच्चारतात. पोथीत ष असतो, तोंडात ख येतो, आणि शिष्य ते गुरूच्या तोंडून घेतो. पोथीतली खूण इथे चुकीची म्हणता येत नाही. ती उच्चाराची नोंद नसून वर्णाच्या ओळखीची नोंद आहे, एवढेच. पाणिनीनेही अशीच एक सोय करून घेतली होती. अ चा उच्चार संवृत, म्हणजे तोंड कमी उघडून केलेला आहे; आ चा विवृत, म्हणजे उघड्या तोंडाचा. पण दोघांना सवर्ण मानल्याशिवाय व्याकरणाचे नियम आटोपशीर होईनात. म्हणून शास्त्रापुरता अ विवृत धरला, आणि ‘अष्टाध्यायी’च्या अगदी शेवटच्या सूत्रात, जे अ नंतर पुन्हा अ एवढेच आहे, तो पुन्हा संवृत करून लोकांना परत दिला. खुणांची व्यवस्था आणि खरा उच्चार यांत अंतर असते हे मान्य करून ते अंतर ग्रंथाच्या शेवटी जाहीरपणे मिटवणारा असा प्रामाणिकपणा नंतरच्या लिपीकारांत क्वचित दिसतो.

लिखित खूण आणि मुखपरंपरा यांचा सामना महाराष्ट्रात प्रत्यक्ष घडला तो एकोणिसाव्या शतकात. शंकर पांडुरंग पंडित यांनी सायणभाष्यासह अथर्ववेदाची आवृत्ती सिद्ध केली. १८९४ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १८९५ ते १८९८ या काळात ती मुंबईत चार खंडांत छापून निघाली. हस्तलिखिते जमवून पाठ ठरवणे ही त्या काळातली विद्यापीठीय रीत होती. पंडितांनी तिच्या जोडीला अथर्ववेद मुखोद्गत असलेले वैदिक बसवले आणि त्यांच्या पठणालाही साक्षीचा मान दिला. बापूजी जीवणराम, केशव भट आणि व्यंकण भटजी ही त्या पाठकांची नावे आवृत्तीशी कायमची जोडली गेली आहेत. हस्तलिखितात लेखकाचा हात घसरतो, पाठकाचीही जीभ घसरू शकते. पण दोघे एकाच जागी सहसा घसरत नाहीत. पंडितांच्या या निर्णयाचे मोल आजही पुरेसे ओळखले गेलेले नाही. माणसाचा उच्चार हाही एक पाठ आहे, आणि तो तपासता येतो, हे त्यांनी एका धर्मग्रंथाच्या संपादनात दाखवून दिले.

मालवणात १८३७ मध्ये जन्मलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर याच पिढीतले. १८७७ च्या विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानांत त्यांनी संस्कृतापासून प्राकृतांकडे आणि तिथून मराठीसारख्या भाषांकडे येताना ध्वनी कसे बदलत गेले याची मांडणी केली. वर्ण नित्य असतील तर ते बदलतात कसे, ही अडचण त्या मांडणीतून आपोआप उभी राहते. मीमांसकाचे उत्तर असे येईल, की वर्ण बदलत नाहीत. बोलणारे एक वर्ण सोडून दुसरा धरतात. इतिहासाच्या अभ्यासकाला हे उत्तर पुरत नाही, कारण त्याला मधली प्रत्येक पायरी दाखवायची असते आणि त्या पायऱ्यांसाठी खुणा हव्या असतात.

तशा खुणांची मोठी व्यवस्था युरोपात उभी राहत होती. १८८६ मध्ये पॅरिसला पॉल पासी यांच्या पुढाकाराने भाषाशिक्षकांची एक संघटना स्थापन झाली. तीच पुढे आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र संघटना म्हणून ओळखली गेली. १८८८ मध्ये तिची वर्णमाला प्रसिद्ध झाली, आणि १९८९ मध्ये जर्मनीतल्या कील इथे तिची मोठी फेररचना झाली. तिचे मूळ सूत्र सोपे आहे: अर्थभेद करणाऱ्या प्रत्येक ध्वनीला स्वतंत्र खूण, आणि तोच ध्वनी कोणत्याही भाषेत आला तरी खूण तीच. व्यंजनांचा तक्ता डावीकडून उजवीकडे ओठांपासून सुरू होऊन कंठापाशी संपतो. मराठी शाळेतली वर्णमाला कंठापासून निघते आणि तालू, मूर्धा, दात असे टप्पे घेत ओठांवर येते. प्रवास तोच, दिशा उलटी. हा योगायोग नाही. १७८४ मध्ये कलकत्त्यात एशियाटिक सोसायटी स्थापन करणाऱ्या विल्यम जोन्स यांनी आशियाई शब्द रोमन अक्षरांत लिहिण्यावर जो निबंध लिहिला त्यात देवनागरीच्या रचनेचा आदर्श होता. जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने पुढे मोकळेपणाने कबूल केले, की भारतीय वैयाकरणांशिवाय एकोणिसाव्या शतकातल्या ध्वनिशास्त्राची कल्पना करणे अवघड आहे.

रोमन अक्षरे मराठीच्या उच्चारांना घालण्याचा प्रयत्न मात्र याहून कितीतरी जुना आहे, आणि तोही धर्माच्या कामासाठीच झाला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राचोल इथे रोमन लिपीत छापले गेले. मराठी अक्षरांचे साचे पाडायचे तर त्यांची संख्या शेकड्यांत जाते, हे त्या वेळच्या छापखान्याला पेलणारे नव्हते. रोमन लिपीत ट-ठ नाहीत, ळ नाही. स्टीफन्स यांनी अक्षर दुप्पट करून वाट काढली: ‘मराठी’ या शब्दात टी दोनदा, ‘परिमळ’ या शब्दात एल दोनदा. नाकातल्या स्वरावर नागमोडी रेघ आली. पण एस हे अक्षरही दोनदा लिहिलेले दिसते, आणि तिथे मूर्धन्याचा संबंध नाही. पोर्तुगीज लेखनात दोन स्वरांमधला एकटा एस वेगळा वाचला जातो म्हणून ती सवय आली आहे. एकाच खुणेची दोन कामे, एक मराठी कानासाठी आणि एक पोर्तुगीज डोळ्यासाठी. श्रद्धेने आणि कष्टाने केलेली ही व्यवस्था आहे. ज्यांना ते पुराण चर्चमध्ये ऐकायचे होते, त्यांच्यापर्यंत ते वाचणाऱ्याच्या तोंडून पोहोचले.

मराठीचे उच्चार पुढे बोलींच्या सर्वेक्षणांत टिपले गेले; त्यांची गोष्ट थोडक्यात सांगता येते. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ मध्ये निघाला. बोलीबोलींचे नमुने गोळा करताना त्यात बायबलातल्या उधळ्या पुत्राची गोष्ट सगळीकडे सांगायला लावली होती, तुलना सोपी जावी म्हणून. सोय झाली, पण दृष्टांत परका असल्याने बोलीचा स्वतःचा सूर त्यात कमी उतरला. अमृत माधव घाटगे यांनी मराठी बोलींच्या सर्वेक्षणात १९६५ मध्ये ‘कुडाळी’ हा भाग प्रसिद्ध केला. कुडाळी म्हणजेच मालवणी; तिचे शास्त्रशुद्ध ध्वनिलेखन पाहायचे तर आजही तिथेच जावे लागते. ना. गो. कालेलकर यांच्या ‘ध्वनिविचार’ या १९५५ च्या पुस्तकाने हा विषय मराठी वाचकाला त्याच्याच भाषेत समजावून दिला.

देवनागरीत जसे बोलतो तसेच लिहितो, हा समज मराठीत घट्ट आहे. तो अर्धाच खरा आहे. ‘चहा’ मधला च आणि ‘चोर’ मधला च यांचे उच्चारस्थान वेगळे, अक्षर एकच. काही कोशांत खाली टिंब देऊन भेद दाखवतात, एरवी वाचणाऱ्याने जाणून घ्यायचे. उलट ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक मराठीने दोन वेगळ्या खुणांनी नेमका टिपला आहे. पहिल्यात आधीच्या अक्षरावर आघात येतो, दुसऱ्यात येत नाही. अनुस्वाराचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी उच्चारात न उरलेले व्युत्पत्तीचे अनुस्वार काढून टाकले. प्रमाण मराठीपुरता तो निर्णय योग्यच होता. पण मालवणीत नाकातले स्वर जिवंत आहेत: ‘खंय’, ‘थंय’ म्हणताना ते स्पष्ट ऐकू येतात. ‘खंय’ मधले टिंब स्वर नाकातून काढायला सांगते आणि ‘चंदन’ मधले तेच टिंब न् म्हणायला सांगते. बोली लिहिणाऱ्याला हा भेद दाखवायला अर्धचंद्रासह बिंदू किंवा तशी दुसरी खूण मुद्दाम ठरवावी लागते.

अशा ठरवून घेतलेल्या खुणांची खरी कसोटी लागते ती गाऱ्हाण्यात. मिठबावसारख्या किनाऱ्यावरच्या गावांत ग्रामदेवतेपुढे उभे राहून गावाच्या किंवा एखाद्या घराच्या वतीने मोठ्याने विनवणी घालतात, तिला गाऱ्हाणे म्हणतात. ते घालण्याचा मान ज्या त्या देवळाच्या वहिवाटीप्रमाणे गावकर, मानकरी किंवा गुरव यांच्याकडे असतो. भाषा मालवणी. देवाला हाक, स्थळांची आणि राखणदारांची आठवण, आज कोण कशासाठी उभा आहे त्याचे सांगणे, चुकले असेल ते पदरात घेण्याची विनंती, संकट दूर कर म्हणून मागणे. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी जमलेली मंडळी एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. पोथी नसते. ऐकून ऐकून ते येते, आणि दोन मानकऱ्यांचे गाऱ्हाणे शब्दाला शब्द कधीच जुळत नाही.

वेदपठण आणि गाऱ्हाणे ही दोन टोके आहेत. वेदात शब्दांचा क्रम ठरलेला, आणि मीमांसकांच्या मते त्या क्रमाला कोणी कर्ता नाही म्हणूनच तो प्रमाण. पद, क्रम, जटा, घन असे पाठ करून तो क्रम उलटसुलट बांधून ठेवलेला आहे. गाऱ्हाण्यात क्रमाची चौकट तेवढी ठरलेली आणि शब्द माणसाचे, त्या दिवसाचे. मग दोन दिवसांची दोन गाऱ्हाणी ‘तीच’ कशी? शबराचा युक्तिवाद इथे पुरत नाही, कारण शब्दच बदललेले आहेत. टिकते ती हाकेची लय, आवाज चढवून नेऊन सोडून देण्याची रीत आणि मंडळींचा होकार. भर्तृहरीने जे वैकृत म्हणून बाजूला ठेवले, तेच इथे ओळखीचे साधन ठरते. अर्थभेद करणारे वर्ण तेवढे दाखवणाऱ्या रुंद लेखनात गाऱ्हाणे लिहिले तर अर्थ उरतो आणि गाऱ्हाणे जाते. त्यासाठी प्रत्यक्ष उच्चाराचे बारकावे टिपणारे बारीक लेखनच हवे.

‘म्हाराजा’ या शब्दाचा शेवटचा आ हाकेत ताणला जातो. दुरून हाक मारताना शेवटचा स्वर प्लुत करावा असा पाणिनीचा नियम आहे, आणि प्लुत दाखवायला स्वरापुढे ३ हा आकडा लिहितात. ओंकाराचे लेखन कधी कधी ओ आणि म् यांच्यामध्ये हा आकडा घालून करतात तेही याचसाठी. मांडूक्य उपनिषद ओंकाराच्या तीन मात्रांपलीकडे चौथा पाद सांगते, तो अमात्र आहे. त्याला कोणत्याच लिपीत खूण असू शकत नाही, आणि उपनिषदाला तेच म्हणायचे आहे. गाऱ्हाण्यातल्या लांबलेल्या आ साठी मात्र खूण आहे: देवनागरीत ३ किंवा अवग्रह, ध्वनिलिपीत दीर्घत्वाचे चिन्ह दोनदा. ‘व्हय’ मधला पहिला ध्वनी अधिक अवघड. व आणि ह असे दोन ध्वनी मानले तर ते जोडाक्षर. श्वास सोडत उच्चारलेला एकच व मानला तर ध्वनिलिपीत त्याच्या खाली दोन टिंबे देतात. ‘म्हाराजा’ मधल्या म्ह चा प्रश्न तोच. मराठीपुरते दोन्ही पक्ष मांडता येतात. मंडळींच्या तोंडून तो ज्या प्रकारे एका झटक्यात निघतो त्यावरून एकच ध्वनी मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

उरतो समूहाचा आवाज. वीस-तीस माणसांचा होकार एकाच क्षणी सुरू होत नाही आणि एकाच क्षणी संपत नाही. ध्वनिलिपी एका तोंडासाठी बनलेली आहे. तिच्यात लहान थांब्यासाठी एक उभी रेघ, मोठ्या थांब्यासाठी दोन, आणि एकंदर सूर उतरत असल्यास तिरपा बाण आहे. अनेक तोंडांसाठी वेगळे चिन्ह नाही. म्हणून गाऱ्हाणे लिहिताना सांगणाऱ्याची ओळ आणि मंडळींची ओळ वेगळ्या ठेवाव्या लागतात. सांगणाऱ्याच्या ओळीखाली ध्वनिलेखनाची दुसरी ओळ द्यावी, जिथे व्यक्तीचे नाव, वार किंवा कारण येते तिथे मोकळी जागा सोडावी, कारण ती जागा चौकटीचाच भाग आहे. गाव, देऊळ आणि प्रसंग वर नोंदवावा. मंडळींची ओळ सांगणाऱ्याच्या शेवटच्या स्वराच्या आत सुरू होते की तो संपल्यावर, हेही जागेने दाखवावे; बहुधा ती आत सुरू होते. एकाच देवळातल्या दोन मानकऱ्यांची गाऱ्हाणी अशा रीतीने शेजारी शेजारी लिहिली, की कोणते शब्द त्या त्या माणसाचे आहेत आणि कोणता उतार, कोणता ताण, कोणता थांबा दोघांनी सारखाच घेतला आहे, हे ओळीओळीने वाचता येते.